भाग ३७ : सफारीनंतरचा समुद्र – मीडा खाडी, खेकडे खाणारे पक्षी आणि आपला कावळा

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ शक्य तितके काढलेत, तरी काही राहिलेच.)

मागच्या भागात आपण आफ्रिकन सफारीच्या खर्चाबद्दल बोललो होतो. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. सफारीचे तीन-चार दिवस झाले, सिंह दिसला, हत्ती दिसले, परतीच्या विमानाला अजून दोन-तीन दिवस आहेत, आता काय करायचं? टूरवाले सरळ ‘बीच एक्स्टेन्शन’ विकतात. म्हणजे रिसॉर्ट, पूल, नारळपाणी, आणि संध्याकाळी ढोल वाजवणारी मंडळी. त्यात वाईट काही नाही. सफारीत पहाटे पाचला उठून, दिवसभर जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्यावर माणसाला झोपावंसं वाटतंच. पण केनियाच्या किनाऱ्यावर झोपून राहणं म्हणजे जेवायला बसून फक्त पापड खाऊन उठण्यासारखं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजचा भाग त्याबद्दल. जागा आहे वाटामू. मोंबासाच्या उत्तरेला, मालिंदीच्या थोडं अलीकडे. फेब्रुवारी २०२५मध्ये मी, माझी ताई आणि भावजी असे तिघं तिथे होतो. ताई आणि भावजी नैरोबीत नोकरी करतात, त्यामुळे गाडी आणि थोडीफार स्वाहिली या दोन गोष्टी घरच्या होत्या. त्सावो ईस्टमध्ये दोन रात्री काढून आम्ही साला गेटमधून बाहेर पडलो आणि पूर्वेला, समुद्राकडे निघालो.

या रस्त्यालगत एक नदी असते. नैरोबीच्या बाजूने येते तेव्हा तिचं नाव अथी, त्सावोमध्ये गलाना, आणि समुद्राला मिळते तिथे सबाकी. पाणी एकच, नावं तीन. त्सावोची माती लालभडक आहे. तिथले हत्ती ती अंगावर उडवून घेतात, म्हणून फोटोत ते विटकरी दिसतात. फिल्टर नसतो तो. तीच माती नदीतून वाहत येऊन मालिंदीच्या समुद्रात पडते, आणि तिथला समुद्र चहासारखा दिसतो. आम्ही सकाळी ज्या नदीकाठी हत्ती बघितले होते, तिचंच पाणी संध्याकाळी मालिंदीजवळ समुद्रात पसरलेलं दिसलं. सफारी आणि किनारा ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत असं ब्रोशर सांगतं, पण नदीला ते ठाऊक नसावं.

वाटामू मालिंदीच्या दक्षिणेला, म्हणून तिथलं पाणी निळं. आणि वाटामूच्या पाठीमागे एक खाडी आत शिरलेली आहे. तिचं नाव मीडा.

आता भरतीबद्दल बोलू, कारण इथे सगळा खेळ भरतीचा आहे. किनारपक्षी बघायचे तर सूर्याचं घड्याळ दुय्यम, चंद्राचं पहिलं. पूर्ण ओहोटीला मीडा खाडीत कित्येक एकर चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर लांबवर विखुरतात. दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी खारफुटीवर किंवा वाळूच्या पट्ट्यावर जाऊन गप्प उभे राहतात. मधली वेळ पकडायची. पाणी चढत असताना. चिखलाची पट्टी अरुंद होत जाते, खाणं चालू असतं, आणि पाणी सगळ्यांना हळूहळू तुमच्या दिशेने ढकलत आणतं. तुम्ही फक्त एका जागी बसायचं.

कोकणातल्या लोकांना भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. म्हणजे द्वितीयेला साधारण दीड, चतुर्थीला तीन. माझ्या आजीचा हा हिशेब कुठल्याही ॲपपेक्षा जलद होता. हा हिशेब केनियात चालतो का? निम्मा चालतो. पाऊणपटीचा भाग चालतो, कारण चंद्र तोच आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते तीही तशीच. सुरुवातीचा आकडा मात्र बदलतो. मुंबईकडे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, केनियाच्या किनाऱ्यावर ती चारच्या आसपास. म्हणजे सूत्र तेच, वर चार मिळवायचे. आम्ही १४ फेब्रुवारीला गेलो. माघ पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. दोनाची पाऊणपट दीड, अधिक चार, साडेपाच. तिथल्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघितलं, काही मिनिटांचाच फरक. पौर्णिमेच्या जवळचे दिवस, म्हणून उधाण. पाणी जोरात चढणार आणि उन्हं तिरपी असताना चढणार. यापेक्षा चांगली दुपार मिळत नाही.

भावजी म्हणाले, “तू या सगळ्यासाठी पंचांग घेऊन आलायस का?” आले मात्र आमच्याबरोबर. पुलावर टॉवेल टाकून ठेवला होता तो तसाच राहिला.

मीडा खाडीत खारफुटीतून लाकडी पायवाट बांधलेली आहे. अडीचशे मीटरच्या आसपास लांबी, दोरखंड आणि फळ्यांची, चालताना झुलणारी. टोकाला पक्षी बघायला एक झोपडीसारखा आडोसा. ही पायवाट सरकारी नाही. स्थानिक लोक ती चालवतात, आणि तिकिटाच्या पैशांतून आजूबाजूच्या गावांतल्या मुलांच्या माध्यमिक शाळेची फी भरली जाते. ‘अ रोशा केनिया’ ही संस्था वाटामूतून काम करते, तिच्या योजनेतून. अटही साधी आहे. मुलाचं घर खाडीच्या किंवा जंगलाच्या आसपास हवं. आमचा गाईड गिर्यामा समाजातला, तिशीचा. त्याचा धाकटा भाऊ याच पैशांतून बारावीच्या बरोबरीपर्यंत शिकलेला. तो हे फार सहज सांगत होता, ‘आमच्याकडे बस इथून सुटते’ इतक्या सहज. मला मात्र ते डोक्यात राहिलं. खारफुटी तोडून सरपण केलं तर एकदाच पैसे. उभी ठेवली तर दर वर्षी एका पोराची फी. हा हिशेब लोकांना समजावून सांगावा लागत नाही, पावती दिसते.

तीनच्या सुमाराला पाणी हलायला लागलं. आधी चिखल्या पुढे आल्या. आखूड चोचीचे, धावायचं-थांबायचं-टिपायचं असं करणारे छोटे पक्षी. यातले काही तिबेट आणि पामीरच्या पठारांवर अंडी घालतात आणि हिवाळा समुद्रकाठी काढतात. त्यांचेच भाईबंद आपल्या अलिबाग-रत्नागिरीकडेही येतात. मग तुतवार. त्यातला टेरेक तुतवार ओळखायला सगळ्यात सोपा, कारण त्याची चोच वर वळलेली असते, आणि तो उशीर झाल्यासारखा खेकड्यांच्या मागे तिरका पळत असतो. लांब बाकदार चोचीचे कर्ल्यू मागे, खोल बिळांत चोच घालत. कोणाची चोच किती लांब, त्यावर तो चिखलात किती खोल जेवतो ते ठरतं. एकाच ताटात सगळे, पण कोणी कोणाच्या वाटीत हात घालत नाही.

आणि मग ज्याच्यासाठी लोक जगभरातून इथे येतात तो आला. क्रॅब प्लोव्हर. पांढराशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, लांब राखाडी पाय, आणि एक जाडजूड काळी चोच. खेकड्याचं कवच फोडायचं हत्यारच ते. एक आला, मग पाच, मग ओळीने उडत चाळीस. मी दीडशेपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडून नुसतं बघत बसलो.

या पक्ष्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तो खरंच विक्षिप्त आहे. त्याच्या कुळात तो एकटाच. जगात दुसरी जात नाही. जगातले बहुतेक किनारपक्षी उघड्यावर, दगड-वाळूच्या रंगाची ठिपकेदार अंडी घालतात, म्हणजे ती दिसू नयेत. हा वाळूत बीळ खणतो आणि आत एकच अंडं घालतो. पांढरं. अंधारात रंगाची गरज काय? ही घरटी अरबस्तानच्या आसपासची, इराणचं आखात, तांबडा समुद्र, सोमालियाच्या बाजूची बेटं, आणि तीही भर उन्हाळ्यात. आपण ज्या उन्हात घराबाहेर पडत नाही त्या उन्हाचा तो उबवणीसाठी उपयोग करून घेतो. तापलेली वाळू अंड्याला ऊब देते, त्यामुळे आईबापांना सतत अंड्यावर बसायची गरज कमी. बहुतेक किनारपक्ष्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की काही तासांत स्वतः पळत खायला लागतात. याचं पिल्लू बिळात बसून राहतं आणि आईबाप खेकडे आणून भरवतात. इतकंच नाही, उडायला लागल्यावर, हजारो किलोमीटर उडून आफ्रिकेला पोचल्यावरही, ते आईबापांच्या मागे लागून मागत असतं.

हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. राखाडी पाठीचा एक तरुण पक्षी, आकाराने पूर्ण वाढलेला, एका मोठ्याच्या मागे मान खाली घालून, चिरचिर करत चालतोय. मोठ्याने खेकडा पकडला, आपटला, एक पाय तोडला. धाकट्याने जवळजवळ चोचीतून ओढून घेतला. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, “हा कोण सांगू?” मी काही बोललो नाही. तेव्हा मी तिच्याच घरी राहत होतो, तिच्याच फ्रिजमधलं खात होतो.

क्रॅब प्लोव्हर आपल्याकडे बघायचा असेल तर कच्छच्या आखातात, जामनगरच्या बाजूला, थंडीत. मीडामध्ये तो जितक्या जवळून दिसतो तितका दिसेलच असं नाही, पण विमानाचं तिकीट वाचतं.

पाचच्या सुमाराला खारफुटीत पाणी भरलं, सगळे पक्षी एकदम उठले आणि खाडीच्या तोंडाकडे गेले. स्वाहिलीत पक्ष्याला ‘न्देगे’ म्हणतात. विमानालाही ‘न्देगे’च. तो थवा उठला तेव्हा गाईड एवढा एकच शब्द म्हणाला, आणि तेव्हाच मालिंदीचं विमान वरून गेलं. दोघांनाही तो शब्द बसला.

परत येताना त्याने खाडीच्या दक्षिणेकडे बोट दाखवलं. “ते उयोम्बो. तिकडे अणुभट्टी होणार होती. कदाचित अजून होईल.”

ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण ती जागा प्रत्यक्ष दिसल्यावर वेगळं वाटतं. केनियाने आपल्या पहिल्या अणुवीज प्रकल्पासाठी, हजार मेगावॉटच्या, किलिफी काउंटीतलं उयोम्बो निवडलं होतं. मे २०२४मध्ये तिथे गावकऱ्यांची निदर्शनं झाली आणि पोलिसांशी चकमक झाली. आमच्या गाईडचे नातेवाईक त्या गावात. त्याने मला विचारलं, “तुमच्याकडे आहे का असं?” मी त्याला जैतापूर सांगितलं. राजापूर तालुका, माडबन, समुद्रकाठचं कातळाचं पठार, ९,९०० मेगावॉटची योजना. २०११च्या एप्रिलमध्ये साखरी नाट्याला आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. प्रकल्प अजून उभा नाही आणि रद्दही नाही. तो ऐकत होता, मग म्हणाला, “म्हणजे तुमचे मासेमार चौदा वर्षं वाट बघतायत.”

मी इंजिनिअर आहे. माझं पोट विजेवर चालतं, तुम्ही आत्ता हा भाग ऐकताय तोही विजेवर. कार्बन नको असेल तर अणुवीज हवी, हा युक्तिवाद मला पटतो, आणि तो मी त्यालाही सांगितला, लपवला नाही. ताईच्या घरी नैरोबीत दिवे गेले की जनरेटर डिझेलवर चालतो, तेही काही फार पवित्र नाही. पण मग प्रश्न असा येतो की किनारा निवडताना तिथे आधीपासून कोण जगतंय, हे कोणत्या रकान्यात लिहितात? तो म्हणाला, “मीटिंगमध्ये आम्हाला सांगितलं, नोकऱ्या मिळतील. मी विचारलं, कसल्या? गेटवर उभं राहायच्या?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडेही कोकणातल्या प्रकल्पांत स्थानिक पोरगा बहुतेक वेळा गेटवरच दिसतो.

पुढे २०२५मध्येच केनिया सरकारने व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या सियाया काउंटीकडे मोर्चा वळवला. मी त्याला व्हॉट्सॲपवर अभिनंदन पाठवलं. त्याचं उत्तर आलं : “तिकडे पण कोळी आहेत.” मग खाली क्रॅब प्लोव्हरचा फोटो.

दुसऱ्या दिवशी जंगल. किनाऱ्यापासून अगदी थोडं आत आराबुको-सोकोके नावाचं जंगल आहे, सुमारे ४२० चौरस किलोमीटरचं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एके काळी असं जंगल लांबवर पसरलेलं होतं, त्याचा हा उरलेला सगळ्यात मोठा तुकडा. बाहेरून बघाल तर वाटेल, यात काय? उंच झाडं नाहीत, वेली लोंबत नाहीत. पण आत माती बदलते तसं जंगल बदलतं. पांढऱ्या वाळूवर ब्रॅकिस्टेजिया, मोकळं, उन्हाळलेलं. लाल मातीवर सायनोमेट्रा, बुटकं आणि दाट, शर्ट फाडणारं. आणि त्या लाल मातीच्या दाटीतच सोकोके शिंगळा घुबड राहतं. पांढऱ्या वाळूवर जात नाही. वितीपेक्षा लहान घुबड, काही तांबूस, काही करडी. हे जंगल आणि आसपासचे थोडे तुकडे, आणि टांझानियातल्या उसंबारा डोंगरांच्या पायथ्याचा छोटा भाग, एवढंच त्याचं जग.

आम्हाला जोडी दिसली. जंगलाच्या गाईडने पाऊण तास आम्हाला उभं करून स्वतः झुडपात वाकून शोधलं, मग बोटाने बोलावलं. दोन तांबूस घुबडं, एकमेकांना चिकटून, वाळक्या पानांसारखी, डोळे बारीक चिरेएवढे उघडे. तीन फुटांवर. फ्लॅश नाही, आवाज नाही, दोन मिनिटं आणि परत, हा तिथला नियम. भावजींनी श्वाससुद्धा रोखून धरला होता.

आता या घुबडाचा आपल्याशी एक धागा आहे. त्याला शास्त्रीय नाव दिलं १९६६मध्ये, एस. डिलन रिप्ली यांनी. नाव ओळखीचं वाटतंय? सालिम अली आणि रिप्ली यांचा भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ, तोच हा रिप्ली. आपल्या मुंबईच्या सालिम अलींचा जोडीदार. घरी ज्याच्या नावाचं पुस्तक आहे, त्यानेच बारसं केलेलं घुबड केनियाच्या झुडपात तीन फुटांवरून तुमच्याकडे बघतंय, हे मला त्सावोतल्या सिंहापेक्षा जास्त भावलं. भावना वैयक्तिक आहे, वाद घालू नका.

त्याच जंगलात क्लार्कची सुगरण राहते. पिवळी-काळी, आणि फक्त किलिफी काउंटीत. ती घरटं कुठे बांधते हे २०१३पर्यंत सापडलं नव्हतं. शेवटी उत्तरेला डकाचाच्या जंगलातल्या पाणथळीत सापडलं. आम्हाला तिचा थवा उंच फांद्यांवरून भुर्रकन गेलेला दिसला, ओळख गाईडच्या भरवशावर. आणि जमिनीवर सोनेरी ढुंगणाचा सेंगी. मांजराच्या पिल्लाएवढा, लांब नाकाचा, दिसायला चिचुंद्रीसारखा, पण चिचुंद्रीचा कोणी नाही. तो नात्याने हत्तीच्या जवळचा. त्सावोत थोरली पाती, इथे धाकटी. गेडेला फुलपाखरांचा एक प्रकल्प आहे, किपेपेओ, १९९३पासूनचा. जंगलालगतचे शेतकरी फुलपाखरांचे कोष वाढवतात आणि ते परदेशातल्या फुलपाखरू-घरांना विकले जातात. पुन्हा तोच हिशेब, जंगल उभं तर पैसे.

सबाकीच्या मुखाबद्दल थोडक्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी मालिंदीच्या उत्तरेला गेलो. फ्लेमिंगो, सुरयांचे मोठे थवे, लाल रंगाचे वेडे राघू. आणि नदीच्या तोंडाशी पाणघोडे. हो, समुद्राच्या आवाजात पाणघोडे. वाळूत खूप चालावं लागतं, पाणी सोबत ठेवा, आणि पाणघोड्यांमुळे गाईडशिवाय जाऊ नका.

शेवटचा विषय, आणि तो आपल्या अंगाशी येतो. वाटामूत, मालिंदीत, मोंबासात, सगळीकडे एक पक्षी दिसतो. करड्या मानेचा, धीट, हॉटेलच्या टेबलावरून पाव पळवणारा. आपला कावळा. घरकावळा. तो आफ्रिकेचा नाही. १८९०च्या दशकात त्याला भारतातून झांझिबारला नेलं गेलं, घाण साफ करेल म्हणून. काही जहाजांवर बसूनही आले. १९४७च्या सुमारास मोंबासात दिसला आणि मग किनारा धरून पसरत गेला. तो स्थानिक पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातो. किनाऱ्यावरच्या गावांतून छोटे पक्षी कमी झाले त्याला तो एक मोठं कारण मानला जातो. २०२४मध्ये केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसने जाहीर केलं की वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे मारायचे. स्टार्लिसाइड नावाचं विष मांसाच्या तुकड्यांतून देऊन. उद्दिष्ट कागदावरच राहिलं असावं, कारण आमच्या नाश्त्याला ते हजर होते.

ताईला हे ऐकून कसंतरी झालं. आमच्या आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवायला तासभर लागला होता, सगळे उन्हात उभे. आपल्याकडे त्याला हात जोडतात, पितृपक्षात पान वाढतात. इथे त्याला विष. गाईडला ही पिंडाची गोष्ट सांगितली तर तो हसत सुटला. म्हणाला, “मग परत घेऊन जा.” मला विचाराल तर मारण्याच्या बाजूने मी आहे. त्याचा दोष नाही, त्याला कोणीतरी आणलं. पण तिथल्या सूर्यपक्ष्याच्या घरट्यातली अंडीही कोणाला तरी वाचवायला हवीत, आणि कावळ्याला पिंजऱ्यात पकडणं किती अवघड असतं हे ज्यांच्या गॅलरीत तो येतो त्यांना माहीत आहे. फक्त विष दुसरा कोणता पक्षी खाणार नाही, हे बघायला माणूस ठेवावा लागतो. तिथेच पैसे आणि धीर दोन्ही संपतात.

जायचं असेल त्यांच्यासाठी कामाचं. क्रॅब प्लोव्हर आणि उत्तरेकडचे पाहुणे बघायला नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये बरेच निघून जातात आणि पाऊसही येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर त्सावोत अमूर ससाणे दिसू शकतात. नागालँडवरून, काही आपल्या लोणावळ्यावरून, अरबी समुद्र ओलांडून गेलेले. केनियाला भारतीयांना आता व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन ईटीए काढावं लागतं. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. कार्ड जवळ ठेवा, परत येताना विमानतळावर बघतात. मलेरियासाठी डॉक्टरांना विचारा. मर्लिन ॲपमध्ये केनियाचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून घ्या, खाडीत नेट बेताचं. ॲप लावून गाईडला चुकीचा ठरवायला जाऊ नका, आडोशात बसलेल्या एका युरोपियन काकांनी तसं केलं आणि गाईडने शांतपणे त्यांना पक्ष्याचे पाय बघायला सांगितले.

आणि तारीख ठरवताना कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावास्या बघा. त्यानंतरचे दोन-तीन दिवस धरा, पाऊणपट करा, चार मिळवा, आणि त्याच्या अडीच तास आधी पायवाटेच्या टोकाला जाऊन बसा.

पुढच्या भागात त्सावोतल्या ‘मॅन-ईटर’ सिंहांबद्दल आणि त्या रेल्वेवर काम करायला गेलेल्या भारतीय मजुरांबद्दल बोलू. तोवर तुमच्या जवळच्या खाडीवर कोण आलंय ते बघून व्हॉइस नोट पाठवा.